पावलावरचा ठोका

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत दोन पायांवर चालणारी जेवढी माणसं आहेत, त्यांतल्या निम्म्यांच्या पावलांना माझ्या धाकट्या बहिणीच्या सासऱ्यांचा हात लागलेला आहे. यात तलाठी आले, गुरांचे डॉक्टर आले, एसटीचे कंडक्टर आले, मतं मागायला आलेले उमेदवार आले आणि एकदा वाट चुकून वाडीत शिरलेला एक परदेशी गिर्यारोहकही आला. आपल्याकडे लहानानं मोठ्याच्या पाया पडायचं असतं. गुरुजी (प्राथमिक शाळेत जन्म गेल्यामुळे सगळे त्यांना एवढंच म्हणतात) समोरचा वाकला की स्वतःही वाकत. आशीर्वादाचा हात डोक्यावर जाण्याऐवजी पावलावर जाई. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या रेषेत, थोडं वर, ते दोन बोटं टेकवत, डोळे मिटत आणि ओठ न हलवता मोजत. मग "आहे," एवढंच म्हणून उभे राहत. ज्याला हे ठाऊक नसे तो घाबरे. ज्याला ठाऊक असे तो चप्पल काढूनच पुढे येई.

बहिणीच्या लग्नात आम्हाला हे ठाऊक नव्हतं. महाडच्या एका हॉलमध्ये अक्षता पडल्या, नवरा-नवरी नमस्काराला आली, बहीण सासऱ्यांपुढे वाकली, त्याच क्षणी सासरे वाकले आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. तिच्या मुंडावळ्या तुटल्या. तिकडे लक्ष न देता गुरुजी खाली बसले आणि नव्या सुनेच्या पावलावर त्यांनी बोटं टेकवली. बँडवाले वाजवायचे थांबले. आमची आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "अरे, मुलाचा बाप मुलीच्या पाया पडतोय. यांच्यात काय सगळं उलटं असतं का?" गुरुजींनी डोळे उघडले आणि सगळ्यांच्या देखत निकाल दिला, "दोन्हीकडे उत्तम. जोडवी मात्र मोठी घ्या. बोट निळसर झालंय." मागे खुर्चीत बसलेल्या त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "पोरीला उभी तरी राहू द्या ओ. तिला दोन हायत." या वाक्याचा अर्थ आमच्याकडच्या कुणाला लागला नाही. पुढे ज्यांना मी मावशी म्हणू लागलो त्या बाईंना पाय एकच होता.

उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. तीसेक वर्षांपूर्वी गेला होता, आणि गुरुजींमुळे गेला होता. त्या घरात ही गोष्ट कुणी लपवली नाही. मावशींनी तर मुळीच नाही. त्यांची वाडी उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरात आहे. तेव्हा तिथवर गाडी जात नव्हती. पहाटे मावशी जळणासाठी पडवीतल्या शेणी काढायला गेल्या आणि घोट्याला काहीतरी चावलं. काळं अंग, त्यावर पांढरे पट्टे. वाडी म्हणाली, मण्यार. गुरुजी तेव्हा नवे मास्तर, वाडीत शिकलेले तेवढेच. त्यांनी गोठ्यातलं दावं आणलं, गुडघ्याखाली करकचून बांधलं आणि त्यात काठी घालून पीळ दिला. विष वर चढू नये म्हणून असं बांधतात हे सगळ्यांना माहीत होतं. गुरुजी वर्गातही तेच शिकवत. डोलीतून खाली आणि तिथून ट्रकनं महाडला पोचायला दुपार झाली. वाटेत मावशी "सोडा" म्हणाल्या, मग ओरडल्या, मग गप्प झाल्या. गुरुजींनी पूर्ण वाटभर गाठ हातात धरून ठेवली होती. मारलेला साप त्यांनी पिशवीतून सोबत नेला होता. दवाखान्यात एका जाणत्या माणसानं तो उलटापालटा करून पाहिला. तो कवड्या निघाला. दिसायला मण्यारीसारखा, पण बिनविषारी. सापानं काहीच केलं नव्हतं. पाय दाव्यानं गेला.

पाय कापल्यावर सर्जननी गुरुजींना खाटेजवळ बोलावलं, मावशींच्या डाव्या पावलावर त्यांची बोटं टेकवली आणि सांगितलं, "हा ठोका लागतोय तोवर हा पाय आहे." सर्जन पुढे बदलून गेले. वाक्य गुरुजींपाशी राहिलं. तेव्हापासून त्यांच्या आयुष्याला एकच काम होतं, उरलेला पाय राखणं. काही वर्षांनी मावशींना मधुमेह निघाला आणि ठोका बारीक होत गेला. बारीक ठोका आणि नसलेला ठोका यांतला फरक कळायचा तर बोटाला शेकडो पावलांची ओळख हवी, असा गुरुजींचा हिशेब होता. बाकीचे दोन तालुके त्यांच्या सरावासाठी होते.

मुंबईत कामाला असलेल्या एका वाडीकराकडून त्यांनी डॉक्टरकीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मागवलं. त्याची सुरुवातीची बरीच पानं गळाली होती. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. रक्ताचा भाग पुढे होता. शब्दकोश मांडीवर घेऊन ते पुस्तक त्यांनी अनेक वर्षं वाचलं, समासात शिसपेन्सिलीनं मराठी लिहीत. त्यातून त्यांना समजलं ते असं की हृदयाचं काम ढकलण्याचं. कुठल्या भागाला किती रक्त जायचं ते बरंचसं तो भागच ठरवतो. जो स्नायू राबतो त्याच्यातला प्राणवायू कमी होतो, टाकाऊ वायू साठतो, आणि एवढ्यावरूनच त्याच्याकडे येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या रुंद होतात. जो भाग स्वस्थ बसलेला असतो त्याच्या आक्रसतात. हे सगळं त्यांनी मला पडवीत बसून, एका संध्याकाळी, शाळेतल्या आवाजात समजावून सांगितलं. मग आवाज उतरला. "पाव्हणे, वरून कुणी हुकूम द्यावा लागत नाही हो. तिचा पाय इतके तास मागत होता. आतली सगळी दारं उघडी टाकून बसला होता. आणि बाहेर मी, गाठ धरून." आतून मावशी म्हणाल्या, "चा गार होतोय. गाठीचं मागनं सांगा, पाव्हणं पळून जात नायत."

या ज्ञानाचा पहिला परिणाम असा झाला की आवळलेली कुठलीही वस्तू त्यांना बघवेना. मनगटावरचे देवळातले धागे, मोज्यांचे इलॅस्टिक, पोरांच्या कमरेचे करगोटे, कंडक्टरच्या खांद्यावरचा पट्टा, सगळं ते सैल करत सुटले. एका नव्या सरपंचाच्या सत्काराला मी वार्ताहर म्हणून गेलो होतो. बांधणाऱ्यानं फेटा फारच कसला होता. सरपंचांच्या भुवया वर ओढल्या गेल्या होत्या आणि ते सतत आश्चर्यचकित दिसत होते. गुरुजी पहिल्या रांगेत चुळबुळत होते. भाषण सुरू झालं तसे ते उठले, स्टेजवर गेले, "कपाळाच्या शिरा उभ्या राहिल्यात तुमच्या," म्हणाले आणि मागून एक पदर ओढला. फेटा सबंध उलगडून गळ्यात आला. फोटो नेमका तेव्हाच निघाला. तो मी छापायला पाठवला नाही. सरपंचांनी मात्र नंतर खासगीत कबूल केलं की त्यांची डोकेदुखी गेली होती.

महाड-पोलादपूर एसटीत ते चढले की प्रवासी पाय हलवू लागत. बसून बसून रक्त पायात तुंबतं, पोटऱ्या हलल्या की ते वर ढकललं जातं, असा त्यांचा नियम. "टाचा वर! खाली! वर!" पहिल्या सीटवरून आज्ञा सुटे. बाजार करून निघालेल्या बाया मांडीवर पिशव्या घेऊन टाचा वर-खाली करत. एकदा एक कंडक्टर वैतागून म्हणाला, "गुरुजी, गाडी माझी हाय का तुमची?" गुरुजींनी त्याच्या बुटांकडे पाहिलं. "गाडी तुझी. पण संध्याकाळी बूट निघत नाहीत ना पायातून?" कंडक्टर दांडीला धरून टाचा उचलू लागला.

शाळेत शेवटची काही वर्षं त्यांनी विज्ञानाचा एकच प्रयोग लावून धरला होता. मुलांनी हात वर करून मूठ घट्ट आवळायची, शंभर आकडे म्हणायचे, मूठ उघडून तळवा बघायचा. आधी पांढरा, मग पहिल्यापेक्षाही लाल. उपाशी राहिलेला भाग मोकळा होताच राहिलेलं सगळं मागून घेतो, हा धडा. एकदा केंद्रप्रमुख अचानक तपासणीला आले तेव्हा चौदा पोरं मुठी वर करून आकडे ओरडत होती. त्यांना वाटलं आंदोलन आहे. ते दारातच थांबले. पुढे पोरं कमी होत गेली. आईबापांबरोबर मुंबईला गेली, आणि गुरुजी निवृत्त झाल्यावर शाळा बंद झाली.

वाडी रिकामी होण्याबद्दलही त्यांच्याकडे रक्ताचंच स्पष्टीकरण होतं. थंडीत बोटं पांढरी पडतात ती रक्त आटल्यामुळे नव्हे. आतली ऊब टिकवायला शरीर कातडीकडच्या वाटा आक्रसून घेतं. बोटांची टोकं, नाक, कान यांचं आधी कमी होतं. "कुणाला आधी सोडायचं ते शरीराला पक्कं ठाऊक असतं," ते म्हणत. "आपली वाडी म्हणजे तालुक्याची करंगळी." एसटीची सकाळची फेरी बंद झाली तेव्हा त्यांनी मला फोन करून एवढंच सांगितलं, "करंगळी गार पडत चालली, पाव्हणे." मी त्यावर बातमी केली. फेरी सुरू झाली नाही.

फक्त मेंदूला ते या नियमातून वगळत. पंगत उठली की ते कुणाला डोंगर चढू देत नसत, कारण पोटानं रक्त बोलावलेलं असतं. राबणाऱ्याला जास्त, बसलेल्याला कमी, हे सगळ्या अवयवांना लागू. पण मेंदूचं रक्त कधी तुटत नाही, जागेपणी नाही, झोपेतही नाही, असं ते छातीठोकपणे सांगत. "तो एकटा सरकारी नोकर. काम असो नसो, हजेरी लागलेली." यावर मावशींचं उत्तर ठरलेलं होतं. "तुम्ही दावं बांधलंत त्या दिवशी रजेवर होता वाटतं."

मावशी हे असे टोमणे मारत, चारचौघांत मारत, आणि गुरुजी ते खाली मान घालून, जवळजवळ समाधानानं ऐकत. त्यांनी जास्तच हुकूम सोडले की मावशी म्हणत, "ऐकते ऐकते, दावं नका आणू." नवख्याला हे क्रूर वाटे. मलाही वाटलं होतं. नंतर लक्षात आलं की त्या घरातलं दुखणं असंच रोज थोडं थोडं बाहेर सोडलं जात होतं.

तीनेक वर्षांपूर्वी मावशींच्या डाव्या पोटरीत चालताना गोळे येऊ लागले. थांबल्या की जात, चालल्या की परत येत. महाडच्या नव्या सर्जननी तपासून सांगितलं की मांडीतली मोठी रक्तवाहिनी अरुंद झाली आहे. पोटरी राबताना मागते आणि तिला पुरत नाही. शस्त्रक्रियेसाठी मुंबईला जावं लागेल, पण आधी एक उपाय करून बघा. दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं गेलं की पुन्हा चाला. रोज. मोठी वाट अरुंद झाली तरी आजूबाजूच्या बारीक वाटा हळूहळू रुंदावतात. गुरुजींना हे समजावून सांगावं लागलं नाही. सर्जन बोलत असताना ते पुढचं वाक्य आधीच पुटपुटत होते.

मग दोन वर्षं वाडीनं एक दृश्य रोज पाहिलं. सकाळी उन्हं अंगणात आली की एक लाकडी पाय लावलेली बाई आणि तिच्यामागे छत्री घेतलेला एक म्हातारा रस्त्यानं निघत. चाळीस पावलं, की मावशी थांबत. गुरुजी बसून पावलावर बोटं टेकवत. मग पुढे. पहिल्या महिन्यात शेजाऱ्याच्या फणसापर्यंत पोचले. शेजारी गोठ्यातून ओरडला, "गुरुजी, वैनीला नांगराला जुंपताय का काय?" मावशी म्हणाल्या, "अरे, बैलाला तरी बसून रवंथ करू देतात रे!" आणि आणखी दहा पावलं गेल्या. पावसाळ्यात ते पडवीतल्या पडवीत फेऱ्या मारत. दुसऱ्या वर्षी बंद शाळेच्या पायरीपर्यंत पोचले. गुरुजींनी त्या दिवशी मला फोन केला. ते रडत होते असं बहीण म्हणते. मला आवाज नेहमीचाच वाटला.

त्यानंतर तीन आठवड्यांत मावशींच्या पायाची दोन बोटं काळी पडली. चपलेचा पट्टा घासून जखम झाली होती आणि मधुमेहामुळे ती त्यांना दुखली नव्हती. गुरुजी ठोका मोजत राहिले, बोटांमधली फट त्यांनी पाहिली नाही. महाडला दाखल केलं. बोटं काढावी लागतील, पाय वाचेल की नाही ते नंतर कळेल, असं सर्जन म्हणाले. शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी मी वॉर्डात होतो. मावशी गुरुजींकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "अवो, तवा तुम्ही बांधलंत ते काय वायट नव्हतं. मण्यारच वाटली असती कुणालाही."

गुरुजी ताडकन उभे राहिले. "वाईट होतं," ते म्हणाले. "तू सोडा म्हणत होतीस. मी सोडलं नाही. चूक होती ती. चूकच म्हण."

"बरं, आता कशाला ते."

"चूक म्हण!" ते इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. सिस्टर धावत आली. "आजोबा, हळू. कसली चूक? कुणाची?"

"हिला विचारा!"

मावशींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "चूक, ओ. शंभरदा चूक," त्या म्हणाल्या. "एक पाय खाल्लात माझा. आता बसा खाली, दुसरा बघा." तेव्हा ते बसले. "वायट नव्हतं" म्हणताना तीस वर्षांत मावशी पहिल्यांदाच त्यांच्याशी प्रेमानं बोलल्या होत्या, आणि निरोप घेणारी माणसं कशी बोलतात हे त्यांना माहीत होतं.

दोन बोटं गेली, पाय राहिला. जखम भरून आली. सर्जन म्हणाले की रोजच्या चालण्यानं आजूबाजूच्या वाटा उघडल्या नसत्या तर घोट्याच्या वरून कापावं लागलं असतं. गुरुजींनी ते वाक्य त्यांना पुन्हा म्हणायला लावलं आणि वहीत उतरवून घेतलं.

गेल्या वर्षीपासून गुरुजी विसरू लागले. आधी छत्री, मग वार, मग मुलाचं नाव. एकदा ते महाडला आमच्या घरी आले, मी वाकलो, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून "औक्षवंत व्हा" म्हटलं. चारचौघं देतात तसा आशीर्वाद. मला बरं वाटलं नाही. तपासणीत निघालं की त्यांच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या जागोजाग बंद झाल्या आहेत आणि तेवढ्या तेवढ्या जागा रक्तावाचून गेल्या आहेत. हे त्यांना समजेल अशा दिवशी कुणी सांगितलं नाही, आणि नंतर तसा दिवस आला नाही.

चालणं मावशींनी चालू ठेवलं आहे. आता त्या पुढे असतात आणि दर चाळीस पावलांवर मागे वळून थांबतात, कारण गुरुजी कुठे निघालो होतो ते विसरून उभे राहतात. दिवाळीनंतर एकदा मी त्यांच्याबरोबर शाळेपर्यंत गेलो. मावशी पायरीवर बसल्या, लाकडी पाय काढून बाजूला ठेवला आणि उन्हात गुडघा चोळू लागल्या. गुरुजी त्या पायाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हे काय झालं गो तुला?"

मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"साप चावला होता. पाय बांधून ठेवला, त्यात गेला."

"कुणी बांधला?"

"होता एक मास्तर. नवाच होता."

गुरुजींच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मास्तर होता तर त्याला कळायला हवं होतं."

"घाबरला होता ओ," मावशी म्हणाल्या. "बायको मरंल म्हणून घाबरला होता."

खालच्या अंगाला कुणीतरी गुरं हाकत होतं, त्याचा आवाज वर येत होता.

"मग त्याला काही बोलू नकोस," ते म्हणाले.

"नाय बोलत," मावशी म्हणाल्या, आणि पाय चढवायला लागल्या.